टँकरच्या पाण्यावर सकलेशपूर

बंगळूरहून सकलेशपूरला चार-साडेचार तासांत जाता येतं. आम्हाला नऊ तास लागले, आणि जिथे जायचं म्हणून निघालो होतो तिथे आम्ही पोचलोच नाही. परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "काय, कशी झाली ट्रिप?" मी "छान" म्हणतो आणि विषय बदलतो. आता एकदाच खरं काय ते लिहून टाकावं म्हणतोय. चूक गाडीची नव्हती, रस्त्याची नव्हती, दादाची तर मुळीच नव्हती. ती माझी होती.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा. विशीत निपाणी सोडून तो सकलेशपूरच्या पुढे तासाभरावरच्या एका कॉफीच्या मळ्यावर रायटर म्हणून लागला. रायटर म्हणजे मजुरांची हजेरी घेणारा, त्यांना कामं लावून देणारा माणूस. तीस वर्षं त्यानं तिथे काढली. निवृत्त होताना मालकानं मळ्यावरची जुनी डिझेल जीप त्याला देऊन टाकली. पुढे काचबिंदूनं त्याचा डावा डोळा गेला, गाडी चालवणं सुटलं, आणि सहा वर्षांपूर्वी जीप माझ्याकडे बंगळूरला, मारतहळ्ळीला आली. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये चकचकीत गाड्यांच्या रांगेत ती उभी असते. दर रविवारी मी ती धुतो, पुसतो, आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांना तिच्या पुढच्या चाकांचा गिअर कसा लागतो ते न विचारता सांगतो.

यंदा दिवाळीनंतर दादा उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आला. सोमवारची तारीख मिळाली होती. "ऑपरेशननंतर दिसंल न्हवं?" त्यानं डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर सरळ माणूस. म्हणाले, "उरलंय ते राखायचा प्रयत्न करतोय. पण फार थोडं उरलंय. तेही जाऊ शकतं, हे धरून चला."

घरी आल्यावर दादा बराच वेळ गॅलरीत बसला. मग मला म्हणाला, "सुध्या, त्या मळ्याच्या वर एक माळ हाय. तिथनं सगळं डोंगार दिसत्यात. मला ते एकदा बघायचं हाय, आणि तुला दाखवायचं हाय. सोमवारच्या आत नेतोस का?"

तीस वर्षं तो मला दर उन्हाळ्यात बोलवत होता. मला कधी परीक्षा होती, कधी नोकरी, कधी मुलांच्या शाळा. तेव्हा या वेळी नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. त्या माळावर जायची शेवटची चार किलोमीटर नुसती दगडांची वाट आहे, जीपशिवाय तिथे काही चढत नाही. जीप तर आमच्याकडे होतीच. फक्त ती हल्ली तापत होती.

मल्लेश्वरम, गुरुवार

मल्लोजीरावांचं गॅरेज मल्लेश्वरमच्या एका मागच्या गल्लीत आहे. त्यांचं घराणं बंगळूरला कधी आलं ते त्यांनाही सांगता येत नाही. घरात मराठी, गिऱ्हाइकाशी कन्नड आणि माझ्याशी दोन्हीची मिसळ, असं त्यांचं बोलणं. वय सत्तरीचं, पण बॉनेट अजून एका हातानं उचलतात.

सकाळी दादालाही बरोबर घेऊन गेलो होतो. मल्लोजीरावांनी इंजिन अर्धा तास चालू ठेवलं, मला दोनदा गल्लीच्या चढावरून फिरवून आणायला लावलं, आणि मग बंद करून रेडिएटरच्या जाळीवरून तळहात फिरवला.

"अण्णा, हात द्या तुमचा. स्वल्प इकडे." माझा हात धरून त्यांनी जाळीवर ठेवला. वरचा भाग पोळत होता. मधोमध एक रुंद पट्टा मात्र जवळजवळ गार.

"इथनं पाणी जातच नाही," ते म्हणाले. "नळ्या मुजल्या आहेत. यात पाणी कुठलं घालतां तुम्ही?"

"घरचंच. नळाचं."

"कावेरीचं का बोअरचं?"

"टँकरचं. आमच्याकडे टँकर येतो."

मल्लोजीरावांनी चष्मा काढून पुसला. "घरातला गीझर किती दिवस टिकतो, अण्णा?"

दोन वर्षांत कॉइल बदलावं लागतं, हे मी सांगितलं. आमच्या बादल्यांना आतून पांढरा थर आहे. शॉवरची निम्मी भोकं बंद आहेत. त्या पाण्यानं केस गळतात म्हणून बायको रोज बोलते, डाळ शिजवायला तर आम्ही वेगळं पाणी विकत आणतो. आणि तेच टँकरचं पाणी मी सहा वर्षं मगामगानं जीपला पाजत होतो. वर पुन्हा ऐट अशी, की रेडिएटरची पातळी मी कधी कमी होऊ देत नाही.

"उतरवायला पाहिजे," मल्लोजीराव म्हणाले. "वरखालच्या टाक्या उघडून एकेका नळीत पट्टी घालून खरवडायचं. दोन दिवस लागतात. शनिवारी संध्याकाळी घेऊन जावा."

मी त्यांना सोमवारचं सांगितलं, डोळ्याचं सांगितलं. त्यांनी दादाकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "मग टॅक्सी करा, अण्णा. तिथे वर जायला कुणाची तरी जीप मिळेल. ही चढावर नेऊ नका. मोठ्या अण्णांना दाखवायचं आहे ना? कुठल्याही गाडीनं दाखवा."

हे इतकं सरळ होतं की मला ते पटलं नाही. हा माणूस काम लांबवतोय, असं माझ्या मनात आलं. आता लिहितानाही लाज वाटते. मोबाइलवर मी चिकार व्हिडिओ पाहिले होते, त्यातल्या एका माणसानं अशाच लक्षणांवर थर्मोस्टॅट बदलून गाडी बरी केली होती. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनमधलं पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारी बारकी झडप. दुपारी जे. सी. रोडवरच्या सुट्या भागांच्या दुकानातून मी ती घेऊन आलो, पार्किंगमध्ये बसून स्वतः लावली, रेडिएटर पुन्हा काठोकाठ भरला आणि पाऊण तास इंजिन चालू ठेवलं. काटा मध्यावरून हलला नाही. उभ्या गाडीत, भार नसताना डिझेल इंजिन फारसं तापत नाही, हे मला ठाऊक नव्हतं.

"झालं काम!" मी वर येऊन सांगितलं. दादा म्हणाला, "त्यो म्हातारा वेगळं सांगत हुता की." मी म्हटलं, "त्यांना काय, त्यांचा धंदा आहे."

कुणिगल ते सकलेशपूर, शुक्रवार

सकाळी सहाला निघालो. दादा पुढे बसला होता, मांडीवर पाण्याची बाटली आणि डोक्यावर माकडटोपी. कुणिगलपर्यंत सगळं झकास होतं. तिथे तट्टे इडली खाल्ली, ताटलीएवढी आणि वर लोण्याचा गोळा. आमच्याकडे निपाणीत इडली म्हणजे हॉटेलात जाऊन काट्याचमच्यानं खायची वस्तू. इथे शेजारच्या बाकावर ट्रकवाले ती हातानं मोडून चटणीत बुडवत होते. दादानं दोन संपवल्या आणि तिसरीकडे मान अगदी कलती करून बघितलं. त्याला आता समोरचं सगळं एका नळीतून बघितल्यासारखं दिसायचं, म्हणून ताटातली वस्तूही त्याला शोधावी लागे.

चन्नरायपट्टणच्या अलीकडे पहिला बरा चढ लागला आणि काटा लालकडे सरकला. बाजूला घेतली. दहा मिनिटं थांबायचं ते पाच मिनिटांतच मी रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. वाफ आणि उकळतं पाणी मनगटावर आलं. समोर एक नारळवाली बसली होती, ती धावत आली आणि आपल्या घागरीतलं सगळं पाणी माझ्या हातावर ओतून कन्नडमधून मला झापायला लागली. बुद्धी आहे का, असं ती विचारत होती, एवढं मला समजलं. दादा तिच्याशी तिच्या भाषेत बोलला, दोघं हसली, आणि तिनं आम्हाला दोन नारळ फोडून दिले.

मग हाच क्रम. अर्धा तास चालवायचं, वीस मिनिटं थांबायचं. हासनच्या पुढे तर दर चढाला. दादा एकदाही करवादला नाही. प्रत्येक थांब्यावर तो मळ्यावरच्या गोष्टी सांगायचा. कॉफी फुलते तेव्हा आठवडाभर डोकं दुखेल इतका वास कसा सुटतो, पावसाळ्यात जळवा चपलेच्या कुठल्या बाजूनं चढतात, वगैरे. मी हूं हूं करत काट्याकडे बघत होतो. ते आता निम्मंही आठवत नाही, आणि परत विचारायचा धीर होत नाही.

सोमण्णाच्या घरी, शनिवार

सोमण्णा हा मळ्यावरचा जुना ड्रायव्हर, आता स्वतःची पिकअप जीप चालवतो. मळ्याच्या पायथ्याशी त्याचं कौलारू घर आहे. आम्ही तिथे उतरलो होतो. त्या मुलखात पाहुणा आला की आधी गूळ आणि पाणी पुढे करतात, मग ख्यालीखुशाली विचारतात. आमच्याकडे आधी "जेवणार ना?" आणि मग पाणी. सोमण्णाच्या बायकोनं सकाळी अक्की रोट्टी केली. तांदळाची उकड केळीच्या पानावर थापून पानासकट तव्यावर उलटायची आणि पान हळूच सोडवून घ्यायचं. भाकरी दोन हातांवर फिरवणाऱ्या आमच्या आईनं हे बघितलं असतं तर तिथेच मांडी ठोकून शिकून घेतलं असतं, असं दादा म्हणाला. कडूसर वांग्याची भाजी आणि गुळाची कॉफी. मी चार खाल्ल्या.

आकाश असं स्वच्छ होतं की अंगणातून समोरच्या उतारावरची झाडं मोजता आली असती. सोमण्णा पिकअपची किल्ली घेऊनच बाहेर आला. दादाला म्हणाला, चला, आत्ता वर जाऊन येऊ. उद्या मला जमायचं नाही, लग्नाचं वऱ्हाड घेऊन हासनला जायचंय.

दादा उठलासुद्धा. "चल की सुध्या. आज आभाळ मोकळं हाय."

आणि मी नको म्हणालो.

का म्हणालो ते मी स्वतःला शंभरदा विचारलंय. मला वाटत होतं, तीस वर्षं हा माणूस याच जीपनं त्या माळावर गेला, तर आताही याच जीपनं जायला हवं. हे झालं छान वाटणारं कारण. त्याच्या खालचं कारण असं, की आदल्या दिवशीच्या नऊ तासांनी माझं नाक कापलं गेलं होतं. सोमण्णाच्या पिकअपमध्ये बसलो असतो तर मल्लोजीराव बरोबर आणि मी चूक, हे कबूल करावं लागलं असतं. मी म्हटलं, "दादा, आज दिवसभरात मी रेडिएटर धुऊन काढतो. उद्या पहाटे आपल्या गाडीनं जाऊ. आपली गाडी असताना दुसऱ्याची कशाला?"

दादा उभाच होता. एकदा सोमण्णाकडे, एकदा माझ्याकडे तोंड करून म्हणाला, "बरं. तुझं मन हाय तर उद्या जाऊ."

सोमण्णा किल्ली खिशात घालून कामाला गेला. मी दिवसभर नळीनं जाळीतले किडे आणि चिखल बाहेरून धूत बसलो. रोग आत होता. ओढ्याचं गोडं पाणी भरलं, पंख्याचा पट्टा ताणला, आणि संध्याकाळी हात पुसत दादाला सांगितलं की आता बघच. तो अंगणात खुर्ची टाकून डोंगराच्या दिशेनं बसला होता. मधल्या सुपारीच्या बागेमुळे तिथून काही दिसत नाही.

माळाची वाट, रविवार

सहाला निघालो. दुपारी परत फिरायचं होतं, सोमवारी सकाळी सातला इस्पितळात हजर व्हायचं होतं. धुकं नव्हतं. पहिली दीड किलोमीटर जीप अशी चढली की मला गावंसं वाटलं. दुसऱ्या वळणाला काटा उठला. मी थांबलो नाही. वाट इतकी उभी होती की थांबलं तर पुन्हा उचलेल की नाही ही भीती. तिसऱ्या वळणानंतर काटा लालमध्ये, आणि मग एकाएकी तो खाली आला. सरळ शून्यावर.

"दादा, उतरला! काटा उतरला!" मी ओरडलो.

दादा काट्याकडे बघत नव्हता, इंजिनाकडे कान लावून होता. "बंद कर," तो म्हणाला. "सुध्या, बंद कर आधी. पाणी संपलंय. कोरड्यात काटा खालीच दाखवतंय."

मी बंद करेपर्यंत एक खडखडाट झाला आणि मागून पांढरा धूर आला. इंजिनच्या सांध्यातलं गॅस्केट जळून गेलं होतं. जंगलात एकदम इतकं शांत झालं की तापलेल्या लोखंडाचं टिकटिक ऐकू येत होतं.

माळ तिथून दीड किलोमीटर वर होता. मी म्हटलं, चालत जाऊ. दादानं काठी घेतली, आम्ही निघालोही. पण खालच्या दगडात त्याला पाऊल टाकायची जागाच दिसेना. प्रत्येक पावलाला मान खाली घालून, कलती करून शोधायचं. शंभर पावलांत दोनदा पडला. दुसऱ्यांदा गुडघा फुटला. मी त्याला पाठीवर घ्यायला वाकलो तर म्हणाला, "खुळा हाईस काय, छपन्न वर्षाचा तू." सोमण्णाला फोन लावला. तो वऱ्हाडासकट हासनच्या वाटेवर होता. दोन्ही बाजूंना झाडीच झाडी, समोर पुढचं वळण.

दादा एका दगडावर बसला. वर बघितलं, जितकं दिसतं तितकं. मग म्हणाला, "चल, उशीर हुईल. सोमवार चुकवून चालणार न्हाई."

मी रडलो. छपन्नाव्या वर्षी, दगडांच्या वाटेवर, त्याच्यासमोर. तो माझ्या पाठीवर थापट्या मारत होता. जीप तिथेच सोडून, त्याला धरून कसेबसे खाली उतरलो, मग एका मालवाहू टेम्पोतून सकलेशपूर आणि तिथून बसनं बंगळूर.

पुन्हा मल्लेश्वरम

सोमवारी ऑपरेशन झालं. त्यात कुणाचं काही चुकलं नाही. काचबिंदूनं आधीच सगळं खाल्लं होतं. पट्टी निघाली तेव्हा दादाला खिडकीच्या बाजूला उजेड आहे एवढं कळलं. आजही तेवढंच कळतं.

जीप ट्रकवर घालून मल्लोजीरावांकडे आणली. त्यांनी माझ्यासमोर रेडिएटर सोडवला. वरची टाकी उघडल्यावर नळ्यांची तोंडं दिसली. निम्म्याहून अधिक पांढऱ्या खड्यानं बंद. पट्टी घालून खरवडलं तर मूठभर चुना कागदावर पडला. त्यांनी तो माझ्या हातात दिला नाही, कागद गुंडाळून टाकला. इंजिनचं हेड, म्हणजे वरचं झाकण, वाकलं होतं, ते घासून सपाट केलं, नवं गॅस्केट बसवलं, आतल्या पाण्याच्या वाटा ॲसिडनं धुतल्या. माझा थर्मोस्टॅट मात्र त्यांनी तसाच ठेवला. "हे बरोबर लावलं तुम्ही," म्हणाले. शेवटी बॅटरीचं शुद्ध पाणी आणि हिरवं कूलंट भरलं. "आता यात दुसरं काही घालू नका, अण्णा. सरी? कळलं ना?"

मग हात पुसता पुसता विचारलं, "मोठ्या अण्णांना दाखवलंत ना?"

मी "हो" म्हणालो. त्यांना फार आनंद झाला.

माळ, जानेवारी

जानेवारीत दादाच म्हणाला, जाऊ. मी म्हटलं, आता कशाला. तो म्हणाला, "वारं तर लागंल."

आम्ही गेलो. पाच तासांत पोचलो, आणि दुसऱ्या सकाळी दगडांची वाट एका दमात चढलो. काटा मध्यावर रोवल्यासारखा होता.

वर पोचल्यावर मी इंजिन बंद केलं आणि समोर बघितलं. डोंगरांच्या रांगांवर रांगा. जवळचे हिरवे, मागचे निळे, त्याच्या मागचे नुसते रेघेसारखे. दादा खाली उतरला, जीपच्या बॉनेटला हात लावून उभा राहिला आणि नावं सांगायला लागला. कन्नड नावं, मजुरांनी ठेवलेली तुळू नावं. सहा-सात झाली. मग म्हणाला, "आणि त्यो एक आईचा डोंगार. आई पदर घेऊन चुलीम्होरं बसल्यागत दिसतंय बघ. म्या ठेवलंय त्येचं नाव. आई गेल्यावर हितं येऊन बसायचो मी. तुला त्योच दाखवायचा हुता."

मी बघत राहिलो. डावीकडून उजवीकडे, पुन्हा उजवीकडून डावीकडे. आई मला फारशी आठवत नाही. ती गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. पदर घेऊन बसल्यासारखे मला तीन-चार डोंगर दिसत होते. मग एकही दिसेना.

"कुठला रे?" मी विचारलं.

"त्यो की," म्हणत दादानं हात उचलला आणि बोट दाखवलं. तो लावायचा त्यापेक्षा जीप मी वेगळ्या बाजूनं लावली होती. त्याचं बोट दहा हातांवरच्या एका सिल्व्हर ओकच्या खोडाकडे होतं.

मी त्याचं मनगट धरलं आणि हात डोंगरांकडे वळवला. एका डोंगरावर थांबलो. "हा?" मग पुढच्यावर. "हा का दादा? का हा?"

त्यानं हात माझ्या हातात तसाच सैल ठेवला होता.

"मला काय कळणार रे, सुध्या," तो म्हणाला.